सव्वा वितीवरचं टोरांटो

मी एक जुना पृथ्वीगोल आहे. माझं अंग पुठ्ठ्याचं. त्यावर नकाशाच्या पाकळ्या चिकटवून कारागिराने मला अख्खं जग बहाल केलं. खडकीच्या एका शाळेत दशरथ सर भूगोल शिकवत, तेव्हा मला फिरवायला मुलांची झुंबड उडे. पुढे वर्गात संगणकाचा पडदा आला आणि मी अडगळीत गेलो. निवृत्त होताना सरांनी मला मागून घेतलं. शाळेने 'न्या, तेवढीच जागा मोकळी' म्हणून देऊन टाकलं. तेव्हापासून मी विश्रांतवाडीत सरांच्या घरी राहतो.

मित्रांनो, सरांच्या पत्नी चंद्रभागाबाई मोठ्या खमक्या. रिक्षावाल्याची त्यांच्यापुढे मीटर न टाकण्याची टाप नाही. पण समुद्राची त्यांना भारी धास्ती. आणि लेक अक्षता तर टोरांटोला! तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलं. 'आई, तू ये ना,' म्हणून ती फोनवर रडली. बाईंनी भिंतीवरच्या नकाशात बोट फिरवलं. आधी अरबी समुद्र, मग सबंध अटलांटिक.

'एवढ्या पाण्यावरून? मी नाही जायची.'

सर म्हणाले, 'नकाशावर नको, गोलावर बघ.'

बाई बाळासाठी दुपटं शिवत होत्या. त्यातलाच दोरा त्यांनी पुण्यावर अंगठ्याने दाबला आणि टोरांटोपर्यंत ताणला. दोरा पश्चिमेला गेलाच नाही. तो उत्तरेला चढला, रशिया ओलांडून ध्रुवाच्या अंगाने पलीकडे उतरला.

'सव्वा वीत!' बाई हरखल्या. 'आणि पाणी कमीच की. जमीन नाहीतर बर्फ.'

'जमिनीवर पडलं तर काय गादीवर पडणार आहेस?'

'तुम्ही गप्प बसा. तिकीट काढा.'

सरांच्या गुडघ्यांनी नकार दिला, म्हणून बाई एकट्याच निघाल्या. दिल्लीहून पुढे सोळा तास विमानात. इथे सर माझ्यासमोर बसून राहिले, चहाही गार झाला.

शेवटी फोनवर बाईंचा चेहरा दिसला. शेजारी अवघडलेली अक्षता.

'अहो, तुमचा दोरा खोटा निघाला. विमानवाल्यांनी वाट वळवली. समोरच्या पडद्यावर नकाशा, त्यात आपलं विमान, आणि खाली सगळं निळं.'

सरांनी फोन जवळ ओढला. 'घाबरलीस?'

'घाबरले तर! रडलेसुद्धा. मग म्हटलं, पोरीने नऊ महिने काढले, मला सोळा तास निघत नाहीत? खिडकीची झापड वर केली आणि पाणी बघत बसले.'

मित्रांनो, माझ्यावर अंतर कुणीही मोजेल. ते कापायला माणूस लागतं, आणि बाईंसारखं माणूस पाहिलं की मला माझ्या पुठ्ठ्याचाही अभिमान वाटतो. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला माळ्यावर टाकू नका. लांब जायला भिणारं कुणी असेल तर त्याला हसू नका, त्या गोलासमोर आणून बसवा.

सर हल्ली रोज सकाळी मला पुसतात. टोरांटोवर फडकं जरा जास्तच रेंगाळतं. तिथला रंग उडू लागला आहे. उडेना का!