भटक्या पावलांचा कोट

डेल्फियानं भटक्या पावलांची नक्षी मांडली, तेव्हा आम्ही शेजारणी तिच्या गोधडीच्या चौकटीभोवती बसलो होतो. तिच्या सासूनं, ऑर्फा म्हातारीनं, हातातली सुई खाली ठेवली. आमच्या केंटकीच्या डोंगरात ही नक्षी तरण्या पोराच्या अंगावर कुणी घालत नाही. जो तिच्याखाली निजला, त्याचे पाय घरात ठरत नाहीत. आणि ही बाई तर त्या नक्षीचा कोटच शिवायला निघाली होती.

"कुनासाठी म्हनलीस?" म्हातारीनं विचारलं.

"आर्लिससाठी, आत्याबाई."

"माझा ल्योक त्या खाणीनं खाल्ला. आता नातू तू हातानं हाकलतीस व्हय?"

"हाकलतीया. खाणीनं खायच्या आधी."

पाऊस थांबत नव्हता, डोंगर भिजून जड झाला होता. खाणीतले उंदीर बाहेर पळत सुटले होते. आत छताचे टेकू कुरकुरतात, हे माझा नवरा बर्ल जेवताना मीठ मागावं तसं सांगायचा. आणि सोमवारपासून आर्लिस तिथं कामाला लागणार होता. आई-आजीला टाकून कुठं जाऊ, एवढाच त्याचा हेका. तरीही त्या नक्षीत टाका घालायला आम्ही तयार झालो नाही. उठून आपापल्या घरी गेलो.

बाईचा हात मात्र बघत राहावा असा. तिचे कोट शहरातल्या बायका जत्रेतून भिंतीला टांगायला न्यायच्या. अंगात घालायची वस्तू भिंतीला टांगणाऱ्यांना काय म्हणावं! या कोटाच्या पाठीवर तिनं आमचं खोरंच उभं केलं. मेलेल्या नवऱ्याच्या विजारीचा निळा डोंगर, पिठाच्या पोत्याच्या कापडाचं धुकं, आणि ओढ्याकाठानं बाहेर निघालेली लाल पावलं. एकही पाऊल माघारी वळलेलं नव्हतं.

पोरगं कोट बघून खूश झालं. सोमवारी सकाळी गारठा होता, तर तोच अंगात घालून खाणीकडं चालू लागलं.

"नक्षी पाय हलवती, वाट दावत न्हाई, पोरी," म्हातारी दारातून म्हणाली.

डेल्फियानं चुलीवरची मक्याची भाकरी तशीच टाकली आणि धावली. मी मागोमाग. खाणीच्या तोंडाशी पाळीची माणसं दिवे लावून उभी होती. बाईमाणसानं आत पाऊल टाकलं की खाण माणूस घेते, हे त्यांना आईच्या दुधाबरोबर पाजलेलं. डेल्फिया त्यांच्यातून पुढं गेली. सरळ अंधारात शिरली आणि तिथंच उभी राहिली.

सगळी पाळी मागं सरली. मुकादम शिव्या देत सुटला, पण कुणी आत जाईना. शेवटी माझाच नवरा आर्लिसला म्हणाला, "तुझ्या आयनं आमच्यावर मरान आनलं. तुझ्यासंगं आता कुनी उतरायचं न्हाई."

आर्लिस शरमेनं काळाठिक्कर पडला. त्याच दुपारी तो खोऱ्याबाहेर जाणाऱ्या मोटारीत बसला. आईशी एक शब्द बोलला नाही. कोट तेवढा अंगात होता, दुसरा नव्हताच.

परत कधी बोलेल का गं तो, असं मी तिला विचारलं.

"न का बोलंना," ती म्हणाली. "रुसलेलं पोरगं कुठंतरी जेवत तरी असतं."

दुसऱ्या दिवशी पाळी पुन्हा उतरली. पाद्रीबाबांनी प्रार्थना केली, मुकादमानं कामावरून काढायची धमकी दिली, झालं. संध्याकाळी बर्ल जेवताना म्हणाला, टेकू आता कुरकुरत नाहीत, अगदी गप्प झालेत. कुरकुरणारा टेकू पळायला वेळ देतो, गप्प झालेला देत नाही, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक. मी खुंटीवरची त्याची जुनी विजार ओढली आणि त्याच्यासाठीही तसलाच कोट शिवायला डेल्फियाचं दार गाठलं.

तिनं दार उघडलं. विजार मांडीवर घेऊन उसवायला लागली.

"दोघी बसलो तरी उद्याच्या पाळीआदी व्हायचा न्हाई ह्यो कोट," ती म्हणाली.

मी सुई ओवली.