केबिनमधून मांडलेला सूर्य

नेत्रा म्हात्रे सूर्याच्या बाहेरच्या वातावरणावर संशोधन करत होती. तिथून तापलेल्या वायूचे झोत उसळतात. ते वर जाताना कसे हलतात, हे तिला बंगळूरच्या परिषदेत पहिल्यांदाच मांडायचं होतं. पण आदल्या आठवड्यात तिची आई मनुबाई न्हाणीत घसरली, खुबा मोडला. वडील मागेच वारले होते. नेत्रा तिकीट रद्द करून उरणजवळच्या घरी आली.

"माज्यामुलं तुजं सगलं बुडालं," मनुबाई पडल्या पडल्या म्हणाली.

"काय बुडालं न्हाय. घरूनच बोलनार हाय मी, लॅपटॉपवर."

नेमकी भाषणाआधी वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी जुनी, वायर काढली की बंद. शेजारचा काळूराम बंदरात कंटेनर उचलायला ट्रेलर काढत होता. नेत्राचा चेहरा बघून तो थांबला. तिने अडचण सांगितली.

"केबिनमदी बस. इन्व्हर्टर हाय, एसी हाय. माजी खेप जाईल दुपारनं."

त्याची बायको नीराबाई मनुबाईजवळ जाऊन बसली.

नेत्राने मोबाइलचं नेट जोडलं आणि उंच सीटवर मांडी घालून बोलायला लागली. झोताच्या एका कडेचा वायू आपल्याकडे येतो, दुसऱ्या कडेचा दूर जातो, हे प्रकाशातल्या फरकावरून दिसतं. म्हणजे झोत स्वतःभोवती फिरत वर चढतो, असं तिचं म्हणणं होतं.

परिषदेतल्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी विचारलं, "हे शेजारी शेजारी उठलेले दोन वेगळे झोत कशावरून नाहीत?"

नेत्रा म्हणाली, "ती शक्यता मी पूर्ण नाकारू शकत नाही. पण दोन्ही कडा एकदमच उठतात आणि एकदमच विरतात."

बाई म्हणाल्या, "पटतंय. आणखी असे झोत शोधा. मला बघायला आवडतील."

केबिनमधून उतरताना नेत्राला रडू आलं. काळूराम घाबरला. "काय गो, चुकलं काय?"

"न्हाय काका. चांगलं झालं."

"मंग रडतंस कनाला?" तो हसला आणि घाईघाईने ट्रेलर घेऊन निघाला.

आत मनुबाई वाटच बघत होती. नेत्राने तिला मोबाइलवर चित्रफीत दाखवली. सूर्याच्या काठावरून उजेडाची बारीक रेघ उठली आणि विरली. मनुबाईने ती पुन्हा लावायला सांगितली.

"यो तू शोदलास?"

"यो कसा फिरतो, त्ये शोदलं."

मनुबाईने तिचा हात धरला. "फुडच्या टायमाला तू जा. माजं बगायला नीरा हाय."

नीराबाईने मान डोलावली आणि चहा टाकायला उठली.