बदलीचं रक्त

विद्यापीठाची माणसं खडकवाडीत पहिल्यांदा आली तेव्हा सुरेखाला कौतुक वाटलं होतं. दुसऱ्यांदा आली तेव्हा तिनं नुसता चहा ठेवला. पुढं पुढं जीप वळणावर दिसली की ती मागच्या दारानं गोठ्यात शिरायची आणि काही काम नसताना शेण गोळा करत बसायची. तरी ते तिला शोधून काढायचेच. गावची आशाताई लपून लपणार तरी कुठं?

सोळा वर्षं ती हे काम करत होती. गरोदर बायांच्या याद्या, लेकरांचे डोस, घरोघरच्या गोळ्या, आणि वरून जो कोणी येईल त्याला गाव फिरवून दाखवणं. त्यात हे विद्यापीठ. विद्यापीठ एकच, पण त्याची खाती तीन, आणि तिन्ही खात्यांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नसावं असा सगळा कारभार. एक खातं रक्त न्यायचं. आईबापाकडून लेकराच्या रक्तात काय काय उतरतं ते त्यांना शोधायचं होतं. दुसरं खातं बायांची वजनं करायचं, हात वर करायला लावायचं, गर्भाची पिशवी काढली का, कितव्या वर्षी काढली ते लिहून घ्यायचं. तिसरं खातं कुणाच्या अंगाला हात लावायचं नाही, फक्त विचारायचं. सत्तावीस पानं विचारायचं. ऊसतोडीला कोण जातं, मागं कोण राहतं, घरात निर्णय कोण घेतं. या शेवटच्या प्रश्नाला बाया पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि ती पोरं तेही लिहून घ्यायची.

चंद्रभागाबाई तिन्ही खात्यांच्या यादीत होती. बाई पन्नाशीची, दिसायला सत्तरीची. रक्तवाल्यांनी तिचं रक्त नेलं. वजनवाल्यांनी लिहिलं की एकोणचाळीस किलो, अंगात रक्त कमी, पिशवी तिसाव्या वर्षीच काढलेली, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. आणि सत्तावीस पानांच्या शेवटी त्या पोरांनी तिला विचारलं, "येत्या हंगामाला तुम्ही जाणार का?"

तेव्हा चंद्रभागाबाई खुलून हसली होती. सुरेखा तिथंच उंबऱ्यावर बसली होती, म्हणून तिला आठवतं.

"न्हाई बाबा. चोवीस हंगाम केले. आता माझी बदली आली. सून जाईल."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीत नेऊन टाकते. चंद्रभागाबाईचा नवरा चार वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून ती आणि तिचा मुलगा प्रविण मिळून कोयता धरत. आता प्रविणचं लग्न ठरलं होतं, तेही बाहेर कुठं नाही, तिच्या सख्ख्या भावाच्या, गहिनीनाथच्या लेकीशी. मामाची पोरगी करायची ही या भागातली जुनीच रीत. संस्कृती वीस वर्षांची, बारावी झालेली, कामाला वाघीण. लग्न ज्येष्ठात, आणि दसरा झाला की नवा कोयता उसाच्या फडावर. मुकादमाला तसा शब्दही देऊन झाला होता.

लग्नाला अठरा दिवस राहिले असताना रक्तवाले अहवाल घेऊन आले. शाळेच्या वर्गात सगळ्यांना बसवलं. ऊन असं की पत्र्याखाली जीव नकोसा व्हावा. अहवाल सांगायला राजनंदिनी मॅडम होत्या. पीएच.डी. करत होत्या. माहेर गेवराईकडचं, मोठ्या बागायतदाराचं, पण नाकानं कांदे सोलणाऱ्यातल्या नव्हेत. सतरंजीवर मांडी घालून बसल्या आणि एकेका घराला जवळ बोलावून समजावून सांगायला लागल्या.

गहिनीनाथचं घर आलं. मॅडमनी कागद दोनदा वाचला.

"संस्कृतीच्या रक्तात थॅलेसेमिया नावाच्या आजाराचा अंश आहे," त्या म्हणाल्या. "तिला स्वतःला काही होणार नाही, घाबरू नका. पण नवऱ्याच्या रक्तातही तो असला, तर होणाऱ्या प्रत्येक लेकरामागं चारात एक धोका राहतो. तसं लेकरू झालं तर त्याला दर महिन्याला दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं. जन्मभर."

चंद्रभागाबाईनं भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला. मॅडमनी घाईनं दुसरं पाकीट उघडलं, आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"प्रविणचा अहवाल स्वच्छ आहे. काही काळजी नाही. खुशाल लग्न करा."

"वैजनाथा, पावलास रे बाबा!" चंद्रभागाबाईनं परळीच्या दिशेनं हात जोडले. वर्गातल्या बाया हसल्या, कुणी म्हणालं आता पेढे काढा.

मागं दाराशी उभ्या असलेल्या सुरेखाला मात्र हसता आलं नाही. कारण त्या नळीतलं रक्त प्रविणचं नव्हतंच.

आदल्या वर्षीच्या भाद्रपदात रक्त घेतलं, त्या दिवशी प्रविण परळीला होता, वीजकेंद्राची राख वाहणाऱ्या टिप्परवर. घरातली सगळी माणसं हजर असतील तरच ते घर अभ्यासात धरणार, असं विद्यापीठवाल्यांनी बजावून ठेवलेलं. घरं कमी पडत होती, मॅडमच्या वरचे सर सुरेखाला सारखे फोन करत होते. तेवढ्यात प्रविणचा दोस्त बंकट पुढं आला. सकाळी त्यानं स्वतःच्या नावानं उजव्या हाताचं रक्त दिलं होतं. दुपारी टेबलावरची माणसं बदलल्यावर डाव्या हाताची बाही वर केली आणि म्हणाला, "प्रविणच्या जागी म्या हाय की. लिवा."

यात आपण काही वावगं करतोय असं बंकटला वाटलं नाही आणि दुसऱ्या कुणालाही वाटलं नाही. फडात असंच चालतं. कोयत्यातलं एक माणूस तापानं पडलं तर जाऊ, दीर, पुतण्या, कुणीतरी त्याच्या जागी उभं राहतं. त्याला बदली म्हणतात. मुकादम तोंड बघत नाही, हात मोजतो. ऊस कुणी तोडला याला तिथं काही अर्थ नसतो, तुटला म्हणजे झालं. सुरेखाचंही अर्धं आयुष्य याच माणसांत गेलेलं. तिनं यादीत प्रविणच्या नावापुढं स्वतःच्या हातानं खूण केली आणि पुढच्या घराला हाक मारली. त्या दिवशी अशा अकरा बदल्या झाल्या.

आता गप्प बसावं, तिला वाटलं. सगळे खुशीत आहेत. प्रविणच्या रक्तात काही असेलच असं कुठंय? आणि बोललं तर काय काय अंगावर येईल! अकरा घरं, मॅडमचा अभ्यास, गावात नाचक्की, आशाचं काम गेलं तर तेही. सुरेखा फार दमली होती हो. खरं बोलायलाही अंगात थोडी ताकद लागते, आणि ती तिची त्या उन्हात, त्या दाराशी, संपल्यासारखी झाली होती. तोंडात मूग गिळून ती उभी राहिली.

लोक पांगले. संस्कृती तेवढी मागं थांबली. पाकीट तिनं छातीशी धरलं होतं.

"ताई, लई भ्या वाटलं बघा मला," ती हळूच म्हणाली. "लेकराला दर महिन्याला सुई टोचायची म्हंजे… पण तुमीच समद्यांचं रक्त घेऊन दिलतं न्हवं? तुमी हायत म्हनल्यावर चुकायचं न्हाई."

एवढं बोलून पोरगी निघून गेली. सुरेखाला स्वतःचीच लाज वाटली.

जीप सुरू झाली होती. सुरेखा उन्हातून पळत गेली आणि खिडकीच्या काचेवर हात मारला.

"मॅडम, थांबा. ती प्रविणची नळी प्रविणची न्हाई. बंकटची हाय. म्याच लिवून दिलं."

राजनंदिनी मॅडम खाली उतरल्या. आधी त्यांना कळेना. कळलं तेव्हा त्या जीपच्या पायरीवरच बसल्या.

"अशा किती?"

"अकरा."

मॅडमनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "चार महिने, ताई. बंकट आणि प्रविण यांचं रक्त जुळ्या भावांसारखं हुबेहूब येत होतं. सर म्हणाले मशीन बिघडलं. आम्ही दोनदा मशीन दुरुस्त करून घेतलं."

सुरेखाला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. मॅडमचंही तसंच झालं असावं. मग उठल्या, पिशवीतून नवी सुई काढली आणि म्हणाल्या, "चला, प्रविण कुठं आहे?"

प्रविण मांडवासाठी मेढी रोवत होता. त्याची समजूत घालता घालता सुरेखा मेटाकुटीला आली.

"बंकटचं चांगलं निघालं न्हवं? मग आता परत कावून?" तो म्हणाला. "तवा म्या राखेच्या गाडीवर गेलतो. बदली दिली, काम झालं."

"फडात चालती बाबा बदली," सुरेखा म्हणाली. "लेकराला तुझंच रक्त उतरणार हाय, बंकटचं न्हाई."

प्रविणनं मेढ सोडली आणि हात पुढं केला.

सहाव्या दिवशी मॅडमचा फोन आला. प्रविणच्याही रक्तात तो अंश होता.

मॅडम पुन्हा आल्या. त्या मनापासून बोलल्या. लग्न करूच नका असं कुणी म्हणत नाही, त्या म्हणाल्या, दिवस गेल्यावर तिसऱ्या महिन्यात पोटातल्या लेकराची तपासणी करता येते, मोठ्या शहरात सोय आहे, मी स्वतः बरोबर येईन. गहिनीनाथनं सगळं ऐकून घेतलं.

"तिसऱ्या महिन्याला पोरगी फडावर आसणार, मॅडम," तो म्हणाला. "फडावर कुठला दवाखाना?"

दुपारपर्यंत मांडवाच्या मेढी उपटून झाल्या.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं सुरेखाला कित्येकदा वाटलं. चंद्रभागाबाईनं फक्त तिच्याशी बोलणं टाकलं. हापशावर भेट झाली तर हंडा अर्धा भरलेला तसाच उचलून निघून जायची. बंकट तोंड चुकवायला लागला. बाकीच्या दहा घरांतही कुरबुर झाली, सगळ्यांची रक्तं पुन्हा द्यायची ठरली. सुरेखाचं काम गेलं नाही, एवढ्या लांबच्या वाडीत दुसरी कोण मिळणार होती? संस्कृती मात्र एकदा तिच्या दारात येऊन बसली. सुपातली गवार निवडून दिली आणि गेली.

दसरा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारापाशी ट्रॅक्टर येऊन उभे राहिले. ट्रॉल्यांत पत्रे, बांबू, पीठ, कोंबड्या आणि माणसं भरली जात होती. मुकादम हात मोजत होता. प्रविण एकटा, म्हणजे नुसता अर्धा कोयता, आणि इतक्या थोड्या दिवसांत दुसरी सून येते कुठून? एवढी गोष्ट सुरेखाला ज्येष्ठापासून ठाऊक होती, रोज ठाऊक होती. तरी गोधडीचं गाठोडं आणि कोयता घेऊन चंद्रभागाबाई पाराकडं येताना दिसली तेव्हा तिला तिकडं बघवेना. प्रविण-संस्कृतीचं होणारं लेकरू वाचवायला ती उन्हात धावली होती, आणि त्याची किंमत या बाईच्या खांद्यावर येऊन बसली होती.

सुरेखा रक्तवाढीच्या गोळ्यांची पाकिटं घेऊन आली होती, सहा महिन्यांची. ती तिनं पुढं केली. चंद्रभागाबाई क्षणभर थांबली. मग पाकिटं घेतली आणि कमरेच्या पिशवीत कोंबली. उजवा हात वर जात नव्हता, म्हणून डाव्या हातानं गज धरला. प्रविणनं खालून आधार दिला, आणि ती चढली.

ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा ती वाकली. पाच महिन्यांत पहिल्यांदा सुरेखाशी बोलली.

"सुरेखा, त्या सत्तावीस पानवाल्या पोरास्नी फोन लाव. या हंगामाला म्या न्हाई जाणार, आसं सांगितलतं मी त्यास्नी. त्येंनी लिवून नेलंय. ते खोडाय सांग."

"ऱ्हाऊ द्या वो आक्का, ते आता कशाला?" सुरेखा म्हणाली.

"कशाला म्हंजे? रक्ताचं खरं केलंस न्हवं तू? मग ह्ये बी खरं कर."

ट्रॉली हलली. चंद्रभागाबाई गाठोड्यावर बसली, लेकाकडून कोयता घेतला आणि मांडीवर आडवा ठेवला. ट्रॅक्टर घाटाच्या वळणाला लागेपर्यंत सुरेखा उन्हात उभी राहिली, आणि मग तिनं पदरानं डोळे पुसून त्या पोरांचा नंबर लावला.