सात नंबरची खाट आणि कोरं फडकं

राहीचं वागणं मला पहिल्या दिवसापासून खटकलं. घरी पाहुणा आला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो, या, बसा, दमलात का म्हणतो. ही पोर वॉर्डात शिरली की सरळ माझ्या पायथ्याशी टांगलेल्या कागदापाशी. ताप किती, नाडी किती, ते वाचायचं, त्यात नव्या आकड्याची भर घालायची आणि चालतं व्हायचं. खाटेवर बाई निजली आहे की धुण्याचं गाठोडं ठेवलंय, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे. रत्नागिरीतल्या एका लहानशा इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात, खिडकीजवळची सात नंबरची. बोलणं माझं जरा तिखट आहे, तेवढं सांभाळून घ्या. अक्षरओळख मला नाही. अंगावर सातचा आकडा रंगवलाय तेवढा ओळखते, तोही रोज ऐकून ऐकून.

माझा जन्म मुंबईच्या भट्टीतला. एकोणीसशे एकवीस साली आगबोटीने आले. बंदरात बोटीतून लहान पडावात उतरवताना खाऱ्या पाण्याचा असा सपकारा बसला की डाव्या पायाला गंज धरला तो धरलाच. तीनदा रंग फासला, तीनदा वर आला. पहिली दोन वर्षं माझं काय कौतुक! बायका हात लावून बघायच्या. जन्मभर जमिनीवर निजलेल्या त्या, उंचावर त्यांना झोप येईना. एक म्हातारी तर पडेन म्हणून दोन्ही हातांनी माझे गज धरून निजायची. मग नव्याची नवलाई गेली. उशाकडचं पितळी बोंड हरवलं, ते कुणी शोधलंसुद्धा नाही.

पण मी शिकत गेले. कळ आली की माणूस गज कसा आवळतो, दम लागलेली बाई आडवी व्हायला का भिते, ताप उतरताना अंग कसं सैल पडतं, सगळं माझ्या अंगावरच तर व्हायचं. आमच्या मोठ्या नर्स आनंदीबाई, त्यांनाही हे कळायचं. त्या येऊन आधी नुसत्या उभ्या राहायच्या, रोग्याकडे बघत. मग म्हणायच्या, "काय गो, जेवलीस का?" उत्तर कसं येतं त्यावरून त्यांना निम्मं दुखणं समजायचं.

राही चौतीस साली त्यांच्या हाताखाली शिकायला आली. देवरुखकडची, मराठी सातवी पास. अक्षर असं सुरेख की डॉक्टरसाहेब मुद्दाम दुसऱ्यांना दाखवायचे. तिथेच घात झाला. पोरीला वाटलं, नीट लिहिलं म्हणजे नीट बघितलं.

पुढच्याच माघात तुळसा आली. नाटे गावची, नवरा मुंबईला बोटीवर खलाशी. पहिलटकरीण, म्हणून सासू गंगुबाई तिला घेऊन आलेली. पहाटे मुलगी झाली, सगळं सुखरूप. आनंदीबाई राहीला म्हणाल्या, "मी डॉक्टरसाहेबांबरोबर ऑपरेशनला जाते. तू दर दोन तासांनी हिचं फडकं बघ. किती भिजलंय ते बघ. काही वेगळं वाटलं तर धावत ये."

राहीने आठ वाजता बघितलं. फडकं कोरं. दहा वाजता बघितलं, कोरं. बारा वाजता तेही कोरं. तिन्ही वेळा तिने पुटपुटत सुरेख अक्षरात लिहिलं, ठीक.

आणि इथे माझा जीव वरखाली होत होता! कारण राहीची पाठ वळली की गंगुबाई भिजलेलं फडकं काढायच्या, आपल्या जुन्या लुगड्याचा फाडलेला तुकडा घालायच्या आणि ओलं फडकं गाठोड्यात बांधून माझ्याखाली सारायच्या. त्यांच्या मनात पाप नव्हतं हो. परक्या पोरीला सुनेच्या विटाळात हात घालायला लागू नये, आणि बिछाना घाण केला म्हणून कुणी सुनेला बोलू नये, एवढंच. लाज राखायला गेल्या आणि जीव घालवायची वेळ आणली. गाठोडं जड होत चाललं होतं, आणि माझ्यावरची तुळसा हलकी.

बारानंतर ती एका कुशीवर ठरेना. पाय हलवी, जांभया देई, पुन्हा पुन्हा पाणी मागे. मी करकरायला लागले.

"तुळसाबाई, जरा स्वस्थ पडा की!" राही लांबूनच म्हणाली. मग थर्मामीटर लावून गेली. "ताप नाही. उलट कमीच आहे."

मी करकरणं सोडलं नाही. शेवटी वैतागून ती परत आली, तुळसाला नीट निजवायला तिने दंड धरला आणि थबकली. दंड थंडगार, घामाने निथळलेला. पहिल्यांदा तिने तुळसाच्या तोंडाकडे बघितलं. ओठ पांढरे. नाडीला बोट लावलं तर ती सुतासारखी बारीक, आणि पळत सुटलेली.

राही स्वतःशीच मोठ्याने बोलली, "घाम आहे पण अंग गार. तहान आहे, चैन नाही. हे तर रक्त गेल्यावर होतं. पण फडकं कोरं आहे." मग तिचे डोळे विस्फारले. "पहाटे बाळंत झालेली बाई, आणि फडकं कोरं कसं? थोडं तरी भिजायलाच हवं! गंगुबाई, फडकं कुणी बदललंत का?"

"मीच बदललं गो. तुला कशाला त्यात हात घालायला लावू?"

"किती वेळा?"

गंगुबाईंनी गाठोडं पुढे ओढलं. राहीने सोडलं आणि तिचं तोंडच उतरलं.

पण हात थांबले नाहीत, हे मात्र सांगायला हवं. तिने तुळसाच्या पोटावर हात ठेवला. बाळंतपणानंतर गर्भाची पिशवी नारळासारखी घट्ट लागायला हवी; ती शहाळ्यातल्या मलईसारखी मऊ लागली. राही पोट दाबून चोळू लागली आणि अशी ओरडली की ऑपरेशनच्या खोलीतून आनंदीबाई धावत आल्या. पिशवी आवळावी म्हणून त्यांनी सुई टोचली, तान्हीला आईच्या छातीशी लावलं. "पायथा उंच करा!" म्हणाल्या. कुणाची वाट न बघता गंगुबाईंनी अंगणातले दोन फुटके चिरे उचलून आणले. जन्मभर कुंपणाला दगडांचे गडगे रचलेली बाई ती. माझे पाय चिऱ्यांवर चढले, तुळसाचं डोकं खाली आलं.

पिशवी घट्ट झाली. रक्त थांबलं. तिन्हीसांजेला तुळसाच्या ओठांना जरासा रंग आला.

मित्रांनो, घरात कुणी आजारी असलं तर दारातूनच "बरं आहे ना?" विचारून जाऊ नका. जवळ जा, हात लावा, आणि सगळं फारच ठीक दिसलं तर आणखी एकदा विचारा.

गंगुबाईंनी राहीचे हात धरले. "तुझ्यामुळे वाचली गो माझी सून!" त्यासरशी पोर हुंदके द्यायला लागली. माझा गज धरून उभी, तोंडाला पदर.

मी तिला मोठ्याने सांगितलं. ऐकू गेलं असेल, नसेल.

"राही, तीनदा बघितलंस आणि तीनदा तुला दिसलं नाही. ही चूक तुझी, त्या म्हातारीच्या माथी मारू नकोस. चौथ्यांदा तुला प्रश्न पडला, म्हणून तुळसा आहे. हुशार नाहीस तू अजून. होशील, मी आहे ना इथे. आता डोळे पूस बघू. तुळसा कधीची ओठ चाटतेय, पाणी कोण देणार?"