सहीच्या वरचा मजकूर

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशी मी. मागे एका गिऱ्हाइकाने केस खराब झाले म्हणून दारात उभं राहून तमाशा केला, तेव्हापासून पार्लरचा नियमच केला: फॉर्मवर सही झाल्याशिवाय डोक्याला रंग लागणार नाही. वकिलाकडून मजकूर लिहून घेतला. वर ॲलर्जी, आधी रंगाने झालेला त्रास असे चार प्रश्न, त्याखाली ‘काही त्रास झाल्यास पार्लर जबाबदार नाही’ आणि मग सही. माझी धाकटी जाऊ हसायची. म्हणायची, ताई, बायका केस रंगवायला आल्यात की ऑपरेशनला? हसू दे. आमच्या दोघींचे नवरे नावाला कमावते, सगळं घर या दोन खुर्च्यांवर चालतं.

शनिवारी शाळेतल्या निवृत्त बाई केस रंगवून गेल्या. रविवारी त्यांचा चेहरा भोपळ्यासारखा सुजला, डोळे मिटले ते उघडेचनात. आज सकाळी त्यांची मुलगी दवाखान्यातून थेट पार्लरमध्ये आली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, डाव्या डोळ्याचं डॉक्टर काही सांगत नाहीत. आईने भरलेला फॉर्म दाखवा, तक्रार करायची की नाही ते त्यावरून ठरवू.

मनात म्हटलं, बघ की, त्यासाठीच तर केलाय. आतल्या खोलीत जाऊन टॉवेलांच्या कपाटातून फाइल काढली. खाली बाईंची सही होती, चांगली ठसठशीत. माझा जीव भांड्यात पडला. मग सहज नजर वर गेली.

बाईंनी चारही उत्तरं पूर्ण वाक्यांत लिहिली होती. तिसऱ्या प्रश्नापुढे होतं, ‘होय. गेल्या वर्षी काळ्या रंगाने कानामागे फोड आले होते. कृपया आधी थोडासा लावून पाहावा.’

शनिवारी हा कागद मीच त्यांच्या हातातून घेतला होता. सही आहे ना एवढं पाहिलं, फाइलला लावला आणि ब्रश रंगात बुडवला. इतक्या वर्षांत मी एकाही फॉर्मवरची उत्तरं वाचली नव्हती.

मागोमाग आत आलेल्या जावेने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि दार ओढून घेतलं.

“फाडा ताई. सापडत नाही म्हणू. हा बाहेर गेला तर आपल्याला कुलूप लागेल.”

खरंच होतं ते. मुलांच्या फिया, सासूबाईंची औषधं, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी कागद दोन्ही हातांत धरला. देवा, एवढ्या वेळी वाचव, असंही म्हणाले.

तेवढ्यात दाराबाहेरून मुलीचा थकलेला आवाज आला. “सावकाश शोधा. आई सकाळपासून एकच म्हणतेय, त्यांना बोल लावू नकोस, मीच लिहायला विसरले असेन.”

मला रडू फुटलं. जाऊ हात धरत होती, तो सोडवून मी बाहेर गेले आणि कागद मुलीला दिला. तिनेही आधी सहीच शोधली.

“आईचीच आहे,” ती म्हणाली आणि मान खाली घालून कागद परत करू लागली.

“तुमच्या आई विसरल्या नव्हत्या,” मी म्हटलं. “तिसरा प्रश्न वाचा.”