काठोकाठ भरलेला वाडगा

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. लघवीची. नाक मुरडू नका. तुमच्याही पोटात माझी एक बहीण बसलेली आहे.

माझा मुक्काम नारीनच्या डोंगरात राहणाऱ्या सालकिन नावाच्या बाईच्या ओटीपोटात. तरुणपणी माझ्याइतकी कामसू दुसरी नव्हती. माझ्या भिंतीत केसाहून बारीक तंतू आहेत. मी भरत गेले, भिंत ताणली, की ते मणक्यावाटे डोक्याला निरोप धाडत. निम्मी भरले तर हळूच खूण, गच्च भरले तर जोराची ओढ. एकदा म्हणून चुकले नाही. पण आत बसून वेळेवर काम करणारीचे कौतुक करतो कोण?

सालकिन लग्न होऊन आली आणि समोवाराशी, म्हणजे चहाचे पाणी उकळणाऱ्या तोटीच्या भांड्याशी बसली. आमच्याकडे चहा सुनेने ओतायचा, तोही वाडग्यात घोटभरच. घोटभर म्हणजे 'बसा, अजून घ्या'. काठोकाठ म्हणजे 'उठा, चालू लागा'. आणि पाहुणे हलेपर्यंत सुनेने हलायचे नाही.

पहिल्याच मेजवानीत सकाळची दुपार झाली. मी हाका मारून दमले. शेवटी तिच्याकडून तोटी वेळेवर बंद झाली नाही आणि चुलतसासऱ्यांचा वाडगा काठोकाठ भरला. सासू म्हणाली, "सूनबाई, चहा ओततेस की माणसं हाकलतेस?"

सगळे हसले. त्या दिवसापासून सालकिनने माझे ऐकणे सोडले.

घोडीचे दूध आंबवायची चामड्याची पिशवी रोज गळ्यापर्यंत भरली की लोंबू लागते. तीस वर्षांत माझे तेच झाले. आधी ओरडत होते, मग कुजबुजत होते, मग गप्पच झाले. आता नर्स येऊन नळी घालून मला रिकामी करते. ती सालकिनला म्हणाली, "आपा, ही पिशवी आता आपणहून कधीच आवळणार नाही. सुनेला तरी वेळेवर उठू द्या."

सालकिनने मान हलवली. मला वेडीला तेवढ्यावर आशा वाटली.

मग धाकट्या लेकीला मागणी घालायला सोयरे आले. सून नुरजात समोवाराशी. दुपार कलली तशी ती गुडघ्यावर गुडघा दाबू लागली. सालकिन बघत होती. ती खूण तिच्याहून जास्त कोणाला ठाऊक? मी म्हटले, आता म्हणेल, जा पोरी, मी ओतते.

नुरजातचीही तोटी उघडी राहिली. सोयऱ्यांचा वाडगा काठोकाठ भरला. सालकिनची मान ताठ झाली.

"सूनबाई, चहा ओततेस की माणसं हाकलतेस?"

सगळे हसले. नुरजातही हसली, आणि बसून राहिली.

मित्रांनो, आतून हाक आली की उठा. दुसरी कोणी उठू पाहत असेल तर तिची वाट अडवू नका. माझे तर जे व्हायचे ते होऊन गेले.

सोयरे गेले तेव्हा ऊन उतरले होते. मला वाटले, नुरजात आता पळत सुटेल.

ती आधी वाडगे विसळायला बसली.