अर्थिंगची वायर

रविवारी सकाळी कल्पितानं अण्णांचा जुना कॉम्प्युटर हॉलमध्ये उघडून ठेवला होता. अण्णा म्हणजे तिचे सासरे, त्र्यंबक. त्यांना त्यांच्या वडिलांच्या कीर्तनाच्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या होत्या आणि त्यासाठी आधी विंडोज नव्यानं टाकायला हवं होतं. कल्पिता वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत हेच काम करायची. तासाभरात होईल, असं ती म्हणाली होती.

पण ते होईना. पहिल्यांदा फाइल कॉपी होता होता स्क्रीन जागेवर थिजला. नवरा, स्वानंद, तेव्हा आंघोळ करत होता. कल्पितानं रॅमची पट्टी काढून पुसून परत बसवली. दुसऱ्यांदा बरंच पुढे गेलं आणि मशीन आपोआप रीस्टार्ट झालं. आता पेनड्राइव्हवर तिचा संशय गेला, म्हणून तिनं दुसरा लावला. तोवर स्वानंद कामासाठी कल्याणला निघून गेला आणि अण्णाही आंघोळ करून आले.

"हार्ड डिस्क गेली असेल का गं?" खुर्ची ओढून शेजारी बसत अण्णांनी विचारलं.

"डिस्क तपासली मी. चांगली आहे. बघू, आता होईल."

तिसऱ्यांदाही अर्ध्यात थांबलं. वैतागून तिनं केबल हलवायला हात घातला. कॅबिनेटच्या पत्र्याला बोटं लागताच झिणझिण्या कोपरापर्यंत गेल्या. ती अनवाणीच होती.

"अण्णा, हात लावू नका हं. करंट येतोय."

तिनं टेस्टर आणून पत्र्याला टेकवला. तो पेटला. पॉवर सप्लाय खराब झालाय म्हणजे, असं तिला वाटलं. आता सगळा उलगडा झाला. तिनं बटण बंद करून परत टेस्टर लावला. तरी तो पेटलेलाच होता.

बंद मशीनमध्ये करंट कुठून येतोय, ते तिला कळेना. तिनं प्लग काढला आणि टेस्टर सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात घातला. ते भोक अर्थिंगचं, म्हणजे गळणारा करंट जमिनीत नेणाऱ्या वायरचं. तिथे टेस्टर कधीच पेटायला नको. तो तिथेही पेटला.

"हे कॉम्प्युटरमधून नाही येत," ती हळू म्हणाली. "घराच्या अर्थिंगमध्येच करंट आहे. कुठल्यातरी वस्तूतून उतरतोय." मग तिनं मान वर केली. आतून पाण्याचा आवाज येत होता. पॅसेजमध्ये गीझरच्या बटणावरचा लाल दिवा लागलेला होता.

"आई आंघोळीला गेल्यात?" तिनं सासूबाईंविषयी विचारलं.

"हो, आत्ताच गेली. का गं?"

कल्पिता धावत घराच्या मुख्य दारापाशी गेली आणि तिनं मेन स्विच पाडला. पंखा थांबला. घर एकदम शांत झालं. नळाचा आवाज तेवढा येत राहिला. त्या शांततेत बाथरूममध्ये काहीतरी धपकन पडलं.

"आई." तिनं दारावर थाप मारली. "आई, आवाज द्या."

काहीच नाही. अण्णा मागे येऊन उभे राहिले होते. "सरोज," त्यांनी हाक मारली.

कडी आतून लावलेली होती. कल्पिता खांद्यानं दार ढकलायला लागली तेवढ्यात आतून हलकासा आवाज आला, "थांब, उघडते." कडी निघायला फार वेळ लागला.

सरोजताई फरशीवर बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक पडला होता आणि उजवा हात छातीशी धरलेला. कल्पितानं त्यांना टॉवेलात गुंडाळून बाहेर आणलं. रिक्षानं दवाखान्यात जाईपर्यंत त्या एवढंच म्हणाल्या, "नळ सुटतच नव्हता. ओरडायचं होतं, पण तोंडातून आवाज निघेना."

रोज त्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून आंघोळ करायच्या. आज पाणी फार गरम लागलं म्हणून ओल्या फरशीवर पाय टेकून उभ्या राहिल्या आणि नळाला हात घातला. ईसीजी नीट आला. डॉक्टरांनी दिवसभर ठेवून घेतलं आणि संध्याकाळी घरी सोडलं.

दुपारी स्वानंद दवाखान्यात थांबला आणि घरी सुदेश नावाचा इलेक्ट्रिशियन येऊन गेला. गीझरची कॉइल आतून फुटली होती आणि करंट त्याच्या पत्र्यावर उतरत होता. अर्थिंग धड असतं तर फ्यूज उडाला असता. पण खाली मीटरच्या खोलीत डागडुजी करताना कुणीतरी त्यांच्या घराची अर्थिंगची वायर कापून तशीच सोडून दिली होती. करंटला जमिनीत जायला वाटच नव्हती, म्हणून तो घरभर, नळापासून कॉम्प्युटरपर्यंत सगळीकडे पसरत होता.

"कॉम्प्युटरला जोडलेल्या इंटरनेटच्या वायरमधून थोडा करंट बाहेर निसटत असणार," सुदेश म्हणाला. "म्हणून मशीन अडकायचं." मग तो कल्पिताकडे वळला. "वहिनी, तुम्ही हे शोधलं नसतं ना, तर..."

"नको," अण्णा म्हणाले. "पुढचं बोलू नकोस."

रात्री जेवताना सरोजताई सहज बोलाव्यात तशा म्हणाल्या, "दिवाळीपासून मी सांगत होते, आंघोळ करताना हाताला मुंग्या येतात."

मानेचा त्रास म्हणून स्वानंदनं त्यांना पट्टा आणून दिला होता. कल्पितानं जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू करून दिल्या होत्या. त्या गोळ्या आईंनी नेमानं घेतल्याही होत्या. आपण त्यांचं नेमकं काय ऐकत होतो, हा विचार मनात आला आणि कल्पिताच्या हातातला घास तसाच राहिला.

सोमवारी वायर जोडली गेली, मेनला, करंट गळला की वीज तोडणारा नवा ब्रेकर बसला. संध्याकाळी कल्पितानं विंडोज टाकलं, एका दमात झालं. इंटरनेटचा पोर्ट तेवढा जळला होता. अण्णांनी पहिली कॅसेट लावली आणि थोडा वेळ ऐकून बंद केली. आज मन लागत नाही, म्हणाले.

नवा गीझर आला, तरी सरोजताई बरेच दिवस गॅसवर पाणी तापवून घेत. मग एके सकाळी त्यांनी कल्पिताला हाक मारली.

"आज गीझरचं पाणी घेते. तू जरा दाराशी उभी राहशील?"

ऑफिसला उशीर होत होता. कल्पिता पर्स खाली ठेवून दारापाशी उभी राहिली आणि आईंशी भाजीच्या भावावर बोलत राहिली.